तांबड्या रेघेखालचे शब्द

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वर्षी याच वार्षिकात माझा एक लहानसा लेख छापून आला होता. विषय होता 'आमचा कांदा'. अंक घेऊन मी गावी, देवळा तालुक्यात, गेले. लग्नपत्रिका सोडली तर आमच्या घरातल्या कोणाचे नाव छापील कागदावर येण्याची ती पहिलीच वेळ. नानांनी (आम्ही वडिलांना नाना म्हणतो) ओसरीवर बसून, चष्मा पुसून तो लेख सबंध वाचला. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, त्यामुळे वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यांनी अंक मिटला आणि एवढेच विचारले, "यामा डोंगळा कोठे गयात?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. डोंगळा म्हणजे मोठा काळा मुंगळा, हा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे मात्र बियाण्यासाठी निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावतात. त्यांना थंडीत उंच दांडे फुटतात, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गेंद येतो, त्यालाही डोंगळाच म्हणतात. मधमाश्या त्यावर बसतात आणि ऊन तापू लागले की त्यातून काळे बी निघते. माझ्या लेखात या डोंगळ्यांऐवजी 'बीजोत्पादनार्थ लावलेल्या कंदांचे पुष्पगुच्छ' असे छापले होते. नानांना वाटले, लेकीने कोणाच्या तरी सत्काराविषयी लिहिले आहे.

हे असे का झाले? मी तो लेख संगणकावर लिहीत होते. 'डोंगळा' त्या यंत्राने खपवून घेतला, पण 'डोंगळ्यांना' लिहिताच शब्दाखाली नागमोडी तांबडी रेघ उमटली. 'गोल्टी'खाली उमटली. मायच्या तोंडचे एक अहिराणी वाक्य होते, त्याच्या तर जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली उमटली. मी कोणालाही विचारले नाही. मराठीच्या सरांनी काही म्हटले नव्हते, संपादक मंडळाने काही कापले नव्हते. ती रेघ पाहून मीच, माझ्या हाताने, अकरा शब्द काढून टाकले. खेड्यातून पहिल्यांदाच शिकायला आलेल्या मुलीला तांबडी रेघ दिसली, की ती यंत्राची चूक असेल असे तिच्या मनातही येत नाही. चूक आपलीच, असे ती धरून चालते. त्याची मला आज लाज वाटते, आणि प्रस्तुत लेख त्या अकरा शब्दांची भरपाई म्हणून लिहीत आहे.

तर ही रेघ मारतो कोण? माझा मामेभाऊ नाशिकलाच अभियांत्रिकीला आहे. त्याने सांगितले की लिब्रे ऑफिस, फायरफॉक्स, क्रोम अशा अनेक ठिकाणी शुद्धलेखन तपासण्याचे काम 'हन्स्पेल' नावाचा प्रोग्राम करतो. तो मूळचा हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ या गृहस्थांनी लिहिला. त्याआधीचे तपासनीस इंग्रजीसारख्या भाषांना पुरत असत, पण हंगेरियनमध्ये शब्दाच्या शेपटाला प्रत्यय लागतात, प्रत्ययाला आणखी प्रत्यय लागतात. त्यामुळे एकावर एक दोन थर ओळखील असे साधन त्यांना घडवावे लागले. हे ऐकून मी चमकले. घर, घरासमोर, घरासमोरचा, घरासमोरच्याला! हंगेरियन लोकांची अडचण आणि आपली अडचण एकच की! तिथल्या एका माणसाने आपल्या भाषेची गरज म्हणून जे केले, ते खुले ठेवले, म्हणून ते आज आपल्यापर्यंत पोचले.

'खुले ठेवले' म्हणजे काय, हे आपल्या कलाशाखेत कोणी फारसे बोलत नाही म्हणून थोडे सांगते. प्रोग्राम माणसाने लिहिलेला असतो, माणसाला वाचता येईल अशा भाषेत. तो सोर्स कोड, मूळ लिखाण. ते यंत्राला कळेल अशा रूपात बांधले म्हणजे चालणारा प्रोग्राम तयार होतो. बहुतेक कंपन्या आपल्याला फक्त बांधलेली वस्तू देतात. मूळ लिखाण कुलुपात. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला तो याच्या विरोधात : प्रोग्राम वापरण्याचा, तपासून बदलण्याचा, वाटण्याचा आणि बदललेला वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याला असला पाहिजे. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. इंग्रजीत याला 'फ्री' म्हणतात आणि मग ते फुकट की स्वतंत्र याचा खुलासा करीत बसतात. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' हे दोन वेगळे शब्द आहेत. तरी आपण मुक्त सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणूनच घेतो आणि त्याच्या आत काय आहे ते उघडून पाहत नाही, हे आपले दुर्दैव.

नानांना हे समजावून सांगायला मला दोन मिनिटे लागली. कारण आमच्या घरात हा वाद आधीच होऊन गेला आहे. घरचे बी करायचे म्हणजे कटकट फार. चांगले कांदे निवडून वेगळे ठेवा, दुसऱ्या जातीच्या डोंगळ्यांपासून लांब लावा, नाहीतर मधमाश्या भेसळ करतात. आणि एवढे करून कांद्याचे बी वर्षाच्या पुढे धड उगवत नाही, म्हणजे दर वर्षी पुन्हा तेच. म्हणून एका साली नानांनी बाजारातून बियाण्याची पाकिटे आणली. शेतात निम्मा माल जोडकांदा निघाला, रंगही एकसारखा नाही. विचारायला गेले तर दुकानदार म्हणाला, आम्ही फक्त विकतो. पाकिटाच्या आत काय होते आणि ते कसे तयार केले, हे सांगणारा माणूस त्यांना शेवटपर्यंत भेटला नाही. तेव्हापासून आमच्या बांधावर पुन्हा डोंगळे डोलू लागले.

मामेभाऊ म्हणाला होता, "तुला शब्दच वाढवायचेत ना? मी फाइल देतो, टाक आणि मोकळी हो." पण मला मोकळे व्हायचे नव्हते. मला आतून पाहायचे होते. त्याने त्याचा जुना लॅपटॉप दिला, त्यावर फेडोरा ही लिनक्सची एक जात बसवून दिली, आणि मी हन्स्पेलचे मूळ लिखाण उतरवून घेतले. बांधणीची पायरी साधी दिसते : आधी 'कॉन्फिगर', ते तुमच्या यंत्रात काय आहे नि काय नाही ते चाचपते; मग 'मेक', ते बांधते; मग 'मेक इन्स्टॉल', ते जागच्या जागी ठेवते. दिसते साधे. पहिल्या संध्याकाळी कंपायलरच नव्हता. तो आणला तर आणखी एक अवजार हवे, ते आणले तर आणखी एक. घरी पुरण घालायला बसावे आणि मग कळावे की पाटा आहे पण वरवंटा शेजारणीने नेला आहे, तसे चालले होते. तिसऱ्या दिवशी पडद्यावर ओळीमागून ओळी धावू लागल्या आणि बांधणी पुरी झाली. मी आनंदाने प्रोग्राम सुरू केला, तर उत्तर आले की त्याला त्याची स्वतःचीच लायब्ररी सापडत नाही! आत्ता मीच बांधली, मीच ठेवली, आणि सापडत नाही? एक संपूर्ण रात्र त्यात गेली. उत्तर निघाले एका शब्दाचे : 'एलडीकॉन्फिग'. नवी वस्तू कोठे ठेवली आहे याची वर्दी यंत्राला द्यावी लागते, ती मी दिली नव्हती. सूचनापत्रात ते स्पष्ट लिहिले होते. मी वाचले नव्हते. परीक्षेतला प्रश्न न वाचता उत्तर लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनी याची नोंद घ्यावी.

आता शब्दांची गोष्ट. हन्स्पेलचा प्रत्येक भाषेचा कोश म्हणजे साध्या मजकुराच्या दोन फाइली. एकीत शब्द, एका ओळीवर एक. अगदी वर त्यांची संख्या. दुसरीत प्रत्ययांचे नियम. मी ती दुसरी फाइल उघडली आणि काय सांगू, त्यात आपले व्याकरणाचे तास होते! सामान्यरूप, विभक्ती, शब्दयोगी अव्यये. नियमाची मांडणी अशी : शब्दाच्या शेवटचे काय काढायचे, काय जोडायचे, आणि कोणत्या अटीवर. 'कांदा' : शेवटचा काना काढ, तेथे 'या' जोड, पुढे 'ला', झाले 'कांद्याला'. आठवीपासून मी हे पाठ करीत आले, आणि पाठ करून काय होणार असे मनातल्या मनात म्हणत आले. त्या रात्री पहिल्यांदा व्याकरण मला कामाचे हत्यार वाटले.

मात्र हत्यार हातात आले की बोटही कापते. मी सर्व आकारान्त पुल्लिंगी शब्दांना तोच नियम लावून टाकला. यंत्राने मुकाट्याने स्वीकारला. मग तपासताना दिसले, की माझ्या कोशात आता 'काका'ला 'काक्याला' बिनचूक आहे, आणि 'राजाला' लिहिले तर तांबडी रेघ, 'राज्याला' लिहिले तर शाबासकी! राजा गेला, राज्य राहिले. काका, मामा, राजा ही मंडळी वेगळी काढून त्यांना दुसरी खूण द्यावी लागली. 'विहीर' लिहिताना दीर्घ, 'विहिरीला' लिहिताना ऱ्हस्व. 'कापूस'चे 'कापसाला' होताना मधला ऊच नाहीसा. एकेक नियम म्हणजे एकेक भांडण. हे भांडण अभियांत्रिकीच्या मुलांना सोडवता येणार नाही. मामेभावाला मी विचारले, 'मूल'चे सामान्यरूप काय? तो म्हणाला, ते तुमचे खाते. मला वाटते, कलाशाखेचा या विषयाशी संबंध काय असे विचारणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर द्यायला नको.

कोश माझ्या यंत्रावर चालू लागला. पण मैत्रिणीच्या यंत्रावर? येथे दुसरी विद्या लागते, तिला पॅकेजिंग म्हणतात. 'मेक इन्स्टॉल' करताना फाइली कोठकोठे गेल्या याची नोंद यंत्राच्या पॅकेजवहीत कोठेच होत नाही. आमच्याकडे लग्नघरी गावातून भांडी उसनी आणतात. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले असते, म्हणून परत करताना बोभाटा होत नाही. पॅकेज म्हणजे नाव घातलेले भांडे. फेडोरामध्ये त्यासाठी 'स्पेक' नावाचा एक कागद लिहावा लागतो : वस्तूचे नाव, आवृत्ती, परवाना कोणता, मूळ लिखाण कोठले, बांधायला काय काय लागते, बांधायचे कसे, कोणती फाइल कोठे जाणार, आणि शेवटी कोणत्या तारखेला कोणी काय बदलले त्याची वही. त्यातून 'आरपीएम' नावाचे गाठोडे तयार होते. यादीत नसलेली एक फाइल गाठोड्यात राहिली, तर ते बांधण्याचेच नाकारते. माझे तीनदा नाकारले. नानांच्या त्या बियाण्याच्या पाकिटावर हा कागद चिकटवलेला असता तर!

'परवाना कोणता' या एका ओळीने मला सर्वांत जास्त थांबवले. मी दुसऱ्याच्या यादीत शब्द घालीत होते. मूळ करणाऱ्यांचे नाव ठेवायचे, त्यांचा परवाना पाळायचा आणि माझा बदल त्यांच्याच अटींवर पुढे द्यायचा, हे ओघाने आले. वर्गात आपण एकमेकांच्या वह्यांतून निबंध उतरवतो, तेव्हा अशी वही कोणी ठेवते का?

फेडोरात मराठीची यादी 'हन्स्पेल-एमआर' या नावाने बांधून मिळते. तिच्यात कसमाद्याचे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) शब्द असतील ही माझी अपेक्षाच चुकीची होती. ते कोणी लिहून दिल्याशिवाय कोठून येणार? दोष यादी करणाऱ्यांचा नाही, आमचा आहे. आणि असे काम करणारी माणसे महाराष्ट्रात नव्हती असेही नाही. मुंबईला सी-डॅकमध्ये 'जनभारती' या प्रकल्पाने भारतीय भाषांतल्या मुक्त सॉफ्टवेअरचे काम केले. व्हीजेटीआयचे प्रा. जितेंद्र शहा यांनी त्या कार्यासाठी कितीतरी वर्षे दिली. 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे टाइप रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि पुण्याचे प्रवीण सातपुते यांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले. या मंडळींची नावे आपल्या वक्तृत्व स्पर्धेत मी कधी ऐकली नाहीत. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या या गावात, आपण फेटे बांधतो, दिंडी काढतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. पेढे मीही खाल्ले. पण त्यानंतर आपल्यापैकी कितीजणांनी मराठीच्या यादीत एक तरी शब्द घातला?

मराठीच्या सरांना मी हे सर्व दाखवले. ते कौतुकाने हसले आणि मग त्यांनी जो आक्षेप घेतला तो खोटा नव्हता. "उद्या प्रत्येकजण आपल्या गल्लीतले शब्द घालील, मग शुद्ध काय आणि अशुद्ध काय? रेघेलाही काही अर्थ असतो." मी आठवडाभर विचार केला. शेवटी उत्तर पॅकेजिंगनेच सुचवले. दोन गाठोडी करावीत. गोल्टी, डोंगळा, कांदाचाळ हे शेतीचे मराठी शब्द मराठीच्या कोशात जावेत, मूळ सांभाळणाऱ्यांकडे पाठवावेत. त्यांनी तपासावे, पटले तर घ्यावे, नाही पटले तर कारण सांगून परत करावे. आणि 'अंडोर', 'आठे', 'तठे', 'शे' हे मराठीत घुसवू नयेत. ती अहिराणी आहे, अशुद्ध मराठी नव्हे. तिचा कोश वेगळा. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणाऱ्यांची संख्या, अहिराणी धरून, १८ लाखांहून अधिक आहे, आणि भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला तीन अक्षरांचा स्वतःचा संकेतही दिलेला आहे. म्हणजे जगाने खोली राखून ठेवली आहे, राहायलाच कोणी गेलेले नाही. सर म्हणाले, "हे मला मान्य." (मग त्यांनीच शुद्धलेखनाच्या चार चुका माझ्या यादीत काढल्या, तो भाग वेगळा.)

एक आक्षेप मात्र माझा मलाच सुटत नाही. मूळ लिखाण खुले असले की वस्तू आपोआप विश्वासाची होते का? मार्च २०२४ मधला 'एक्सझेड'चा प्रकार असा. फाइली दाबून लहान करणारे हे एक मुक्त साधन, जगभर लिनक्समध्ये वापरले जाणारे. ते सांभाळणारा एकच थकलेला स्वयंसेवक. 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी दोन वर्षे गोड बोलून, मदत करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरवाट घातली. लबाडी अशी, की चोरवाट जागी करणारी बांधणीची ओळ सर्वांना दिसणाऱ्या मूळ लिखाणाच्या भांडारात नव्हती. ती फक्त वाटपासाठी तयार केलेल्या गाठोड्यात होती. फेडोरा आणि डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्त्यांत ते गाठोडे शिरलेही होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्याने पिच्छा पुरवला आणि २९ मार्चला सर्व उघड केले. अर्धा सेकंद! आपण एस.टी.ची तासभर वाट पाहतो आणि काही विचारीत नाही. लिखाण खुले होते म्हणून चोरी सापडू शकली हे खरे. पण लिखाण खुले असूनही गाठोडे त्याच लिखाणातून बांधले आहे की नाही हे कोणीतरी पाहावेच लागते, हेही तितकेच खरे. आणि त्या एकट्या माणसाच्या खांद्याला खांदा कोणी आधीच लावला असता तर? मराठीच्या याद्या सांभाळणारेही असेच मोजके आहेत.

म्हणून माझी प्राचार्यांना आणि मराठी विभागाला विनंती आहे. दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आपण दर वर्षी 'अमुक कवीची निसर्गदृष्टी' लिहितो. मीही लिहिली, आणि ती कपाटात आहे. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातले पन्नास शब्द, अर्थासह, सामान्यरूपासह आणावेत. पेठ-सुरगाण्याच्या मुलांकडे कोकणा भाषा आहे, येवल्याच्या मुलांकडे पैठणीच्या मागाचे शब्द आहेत, निफाडच्यांकडे द्राक्षाच्या छाटणीचे. संगणक कक्षात शनिवारी दुपारी ते एकत्र करून बांधावेत, गाठोडे करावे, वहीत नावे लिहावीत. अभियांत्रिकीची दोन मुले बोलवावीत. चहा आपण पाजू. कक्षाला कुलूप असते अशी सबब यंदा ऐकू येऊ नये एवढीच अपेक्षा.

माझे पहिले गाठोडे तयार झाले आहे. आवृत्ती ०.१, शब्द २१२. दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन गावी गेले आणि ओसरीवर नानांना यादी दाखवली. त्यांनी बोट ठेवीत ठेवीत सगळी वाचली, मायला दोनदा हाक मारून काही शब्द विचारले. मग चष्मा काढून म्हणाले, "गोल्टी शे, पन चिंगळी कोठे शे?"

आवृत्ती ०.२ च्या वहीत पहिली ओळ लिहिली आहे : 'चिंगळी' हा शब्द घातला. सुचवणारे, नाना.